पहिल्या दिवशी मुलांच्या हातांचं काय करायचं?

प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि पहिलीचे वर्गशिक्षक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात तुमच्याकडे एक बैठक होईल. पहिल्या दिवसाच्या तयारीची. अशा सव्वीस बैठकांना मी बसले आहे, त्यामुळे तिथे काय बोललं जातं ते मला पाठ आहे. पाहुणे कोण, हार कुणी आणायचे, मांडव घालायचा की सभागृहात उरकायचं, माइक चालतो का ते आधी बघून ठेवा, फळ्यावर लिहायला अक्षर कुणाचं चांगलं आहे. सव्वीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की त्या दिवशी मुलांच्या हातांचं काय करायचं. मीही नाही विचारलं.

प्रश्न जरा चमत्कारिक वाटेल. पण पहिलीच्या वर्गावर उभं राहिलेल्या माणसाला तो लगेच कळेल. मूल फाटकापर्यंत येतं ते कुणाचं तरी बोट धरून. फाटकाशी ते बोट सुटतं. तिथून आपल्या जागेवर जाऊन बसेपर्यंत त्याचे हात रिकामे असतात, आणि मूल डोळ्यांनी रडायच्या आधी हातांनी रडतं. शर्टाचं बटण पिळलं जातं, वॉटरबॅगचा पट्टा तोंडात जातो, फ्रॉकचा घेर मुठीत गोळा होतो. मग ओठ थरथरतात. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

आपल्याकडे या रिकाम्या हातांवर एकच तोडगा आहे. हाताची घडी, तोंडावर बोट.

गेल्या वर्षी नातीला पोचवायला गेले होते. शाळेचं नाव सांगत नाही, त्यांचं काही वेगळं चुकलं असंही नाही. फुग्यांची कमान होती, अस्वलाच्या वेशातला एक माणूस होता आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग होती. अस्वल बघून तीन मुलांनी आत यायलाच नकार दिला. बाकीची सतरंजीवर बसली. पाहुणे पाऊण तास उशिरा आले. त्या पाऊण तासात एक ताई दर पाच मिनिटांनी माइकवरून ‘हाताची घडी’ म्हणायच्या आणि मुलं घडी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. पाहुणे आले ते पालकांशी बोलले. मुलांच्या वाट्याला एकच वाक्य आलं, ‘मोठेपणी कोण होणार?’ नात शेजारच्या मुलीला म्हणाली, ‘मला शूला जायचंय.’ शेजारची म्हणाली, ‘मला पण.’ शू कुठे करायची हे दोघींना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तर तोंडावरचं बोट काढावं लागलं असतं.

निवृत्तीनंतर रिकामा वेळ मिळाला तसं इतर देशांतले लोक हा दिवस कसा करतात ते मी वाचत गेले. आधी गंमत म्हणून. मग त्या सव्वीस बैठका आठवायला लागल्या. ज्या प्रथा पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्यांत त्या सुटलेल्या बोटाची काहीतरी सोय केलेली दिसते. कुणी मुद्दाम बसून केली असेल असं नाही. पण केलेली आहे.

जर्मनीचं उत्तर सगळ्यांत सरळ. हात भरून टाका. तिथे पहिलीत जाणाऱ्या मुलाला पुठ्ठ्याचा एक भलामोठा रंगीत शंकू देतात. त्याला म्हणतात शूलट्यूटे, म्हणजे शाळेची पुडी. जुनं नाव त्सुकरट्यूटे, साखरेची पुडी. आत खाऊ, रंगीत पेन्सिली, एखादं छोटं खेळणं, आणि तोंड वरून कागदाने किंवा जाळीने बांधलेलं. या प्रथेच्या सगळ्यांत जुन्या नोंदी सॅक्सनी आणि थुरिंगिया या भागांतल्या आहेत. येना गावातली १८१७ची, ड्रेस्डेनची १८२०ची, लाइपझिगची १८३६ची. पुढे विसाव्या शतकात पुड्या कारखान्यात बनू लागल्या आणि प्रथा देशभर पसरली. आजही देशाच्या पूर्वेकडे षट्कोनी आणि सुमारे ८५ सेंटिमीटर लांबीची पुडी चालते, पश्चिमेकडे गोल आणि ७० सेंटिमीटरची. सहा वर्षांचं मूल आणि ८५ सेंटिमीटरची पुडी! जुन्या फोटोंत बऱ्याचदा आधी पुडी दिसते आणि तिच्या बाजूने डोकावणारं मूल नंतर.

लहान मुलांना तिथे सांगत, की शाळेत एक झाड असतं. त्या झाडाला पुड्या लागतात. त्या पुरेशा मोठ्या झाल्या की समजायचं, तुझी शाळेत जायची वेळ झाली. म्हणजे वय मुलाचं मोजायचं नाही, फळ पिकलं का ते बघायचं. ‘तू आता मोठा झालास, शाळेत जायलाच पाहिजे’ हे वाक्य मी आयुष्यात हजार वेळा म्हटलं असेल. झाडाची थाप त्यापेक्षा कितीतरी बरी.

या पुडीचं मला जे आवडलं ते खाऊमुळे नाही. ती दोन्ही हातांनी कवटाळावी लागते. एकदा ती कवटाळली की आईचं बोट धरायला हात उरत नाही, आणि बोट सुटलं हे कळतही नाही. मुलाला मिठी मारायला काहीतरी आहे, तेही त्याचं स्वतःचं, आणि आत काय आहे ते घरी गेल्याशिवाय कळायचं नाही. म्हणजे घरी जायचं आहे, हे त्या पुडीतच बांधून दिलेलं असतं. बर्लिन, सॅक्सनी अशा काही राज्यांत हा समारंभ शनिवारी ठेवतात. मोठ्या वर्गांतली मुलं एखादं छोटं नाटुकलं करतात. मग एकेकाचं नाव पुकारून नव्या मुलांना बाई आपल्या वर्गात घेऊन जातात, पहिला छोटासा तास होतो, आणि आईबाप बाहेर थांबतात. मूल बाहेर येतं तेव्हा ते तिथेच असतात. थोडक्यात, पहिला वियोग बेताचा ठेवलेला असतो आणि तो कधी संपणार हे सगळ्यांना माहीत असतं.

यात खोट नाही असं नाही. पुडी म्हटली की कुणाची मोठी, कुणाची लहान हे आलंच. टंचाईच्या काळात आईबाप पुडीच्या बुडाशी कागदाचे बोळे कोंबायचे, म्हणजे वरून भरलेली दिसावी. हे वाचलं तेव्हा मला त्या बापाचे हात दिसले, रात्री दिव्याखाली बोळे करणारे. आता पुष्कळ बालवाड्यांमध्ये आईबाप आणि मुलं एकत्र बसून पुडी हाताने बनवतात. खर्चाची चढाओढ त्याने थांबते असं मी म्हणणार नाही, पण निदान कात्री-डिंकाची चढाओढ परवडते.

जपानचं उत्तर याच्या अगदी उलट. तिथे हात मोकळे ठेवतात आणि वजन पाठीवर देतात. रान्दोसेरु हे तिथल्या दप्तराचं नाव, मूळ डच शब्द ‘रान्सेल’, सैनिकाची पाठपिशवी. तोक्योच्या गाकुशुइन शाळेत सरदार-उमरावांची मुलं बग्गीतून किंवा रिक्षातून यायची आणि त्यांची पुस्तकं नोकर उचलायचे. १८८५ साली शाळेने ते बंद केलं. आपलं ओझं आपण वाहायचं, आणि ते पाठीवर. दोन वर्षांनी, १८८७ साली, इतो हिरोबुमी या पंतप्रधानांनी युवराजाला शाळाप्रवेशाची भेट म्हणून कातडी पाठपिशवी दिली आणि त्या आकाराला जो मान मिळाला तो अजून आहे. पूर्वी मुलग्यांना काळी, मुलींना लाल असा दंडक होता, आता सगळे रंग चालतात. हे दप्तर रिकामंच एक किलोच्या वर भरतं, महाग असतं, बऱ्याच घरांत आजी-आजोबा घेऊन देतात आणि ते सहा वर्षं पुरवायचं असतं. सहावी संपली की काहींची दप्तरं अफगाणिस्तानातल्या मुलांकडे जातात. २००४ पासून तशी मोहीम चालू आहे.

एप्रिलमध्ये, चेरीच्या बहराच्या दिवसांत, तिथे प्रवेशाचा समारंभ होतो. नव्या मुलांना तिकडे ‘पिकापिका’ पहिलीकर म्हणतात, पिकापिका म्हणजे चकचकीत. समारंभ भलता औपचारिक, भाषणं तिथेही आहेत, उभं राहा, वाका, बसा, सगळं आहे. त्याबद्दल मला फारसं प्रेम नाही. पण मोकळ्या ठेवलेल्या त्या हाताला काय मिळतं ते बघा. कितीतरी शाळांत सहावीतली मुलं पहिलीच्या मुलांचा हात धरून त्यांना सभागृहात आणतात. आणि ते त्या दिवसापुरतं नसतं. पुढचे काही आठवडे हीच मुलं पहिलीच्या वर्गात येऊन दप्तर कुठे ठेवायचं, जेवण कसं वाढून घ्यायचं ते दाखवतात. पुढच्या एप्रिलपर्यंत ती शाळेतून गेलेली असतात. ज्यांचं शेवटचं वर्ष त्यांनी पहिल्या वर्षाला सांभाळायचं, असा तो फेरा.

हाच फेरा रशियात खांद्यावर चढतो. १ सप्टेंबर ही तिथे शाळा सुरू व्हायची तारीख सोव्हिएत काळात, १९३५ साली, देशभर एकच ठरली. १९८० साली तिला ‘ज्ञानदिन’ असं अधिकृत नाव मिळालं. सकाळी सगळी शाळा अंगणात उभी राहते आणि अकरावीतला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाचा, एक उंच मुलगा पहिलीतल्या एखाद्या मुलीला खांद्यावर घेऊन सगळ्यांसमोरून फिरतो. तिच्या केसांत पांढऱ्या रिबिनींची मोठाली फुलं, हातात फीत बांधलेली घंटा. ती वाजवते आणि वर्ष सुरू होतं. आपल्याकडे घंटा शिपाईमामांची. पहिलीतल्या मुलाने तिला हात लावला तर ओरडा बसतो. तिथे वर्षाची पहिली घंटा सगळ्यांत लहान हाताने वाजते.

बाकीची मुलं फुलं घेऊन येतात, ग्लॅडिओलस, अ‍ॅस्टर, बाईंना द्यायला. ग्लॅडिओलसची दांडी कधीकधी मुलाहून उंच असते. मूल शाळेत पाऊल ठेवतं ते काहीतरी देणारं म्हणून, हे मला फार आवडतं. पण तीस मुलांचे तीस गुच्छ एका बाईंनी कुठे ठेवायचे? दोन दिवसांत ती फुलं जातात कुठे हे सांगायला नको. २०१४ साली मॉस्कोच्या एका शाळेतून ‘फुलांऐवजी मुलं’ अशी मोहीम निघाली. वर्गाने मिळून एकच गुच्छ आणायचा आणि उरलेले पैसे असाध्य आजाराच्या मुलांसाठी द्यायचे. प्रथा न मोडता तिची सूज कमी करायची ही रीत शिकण्यासारखी आहे.

रशियाबद्दल लिहिताना बेसलान गाळता येत नाही. १ सप्टेंबर २००४ रोजी उत्तर ओसेशियातल्या या गावी शाळेच्या अंगणात हाच समारंभ चालू असताना सशस्त्र हल्लेखोर घुसले. त्या दिवशी घरचं सगळं माणूस शाळेत येतं, तान्ही भावंडं, आज्या, म्हणून ओलीस धरलेल्यांची संख्या अकराशेच्या वर गेली. तिसऱ्या दिवशी ते संपलं तेव्हा ३३०हून अधिक माणसं गेली होती, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं. शाळेचा पहिला दिवस सुरक्षित असतो, हे आपण न बोलता गृहीत धरलेलं असतं.

तसा तो अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समधल्या रूबी ब्रिजेसलाही नव्हता. १४ नोव्हेंबर १९६० रोजी ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी फक्त गोऱ्यांच्या शाळेत गेली ती आईबरोबर आणि सरकारी मार्शलांच्या पहाऱ्यात. बाहेर किंचाळणारा जमाव होता. तिला वाटलं, मार्डी ग्रा या तिथल्या सणाची जत्रा आहे. तो पूर्ण दिवस तिने मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून काढला, कारण गोरे पालक आपापल्या मुलांना घेऊन घरी चालले होते. पुढे वर्षभर तिच्या वर्गात ती एकटी होती, आणि बार्बरा हेन्री या एकच बाई. त्या दोघी शेजारी शेजारी बसत. तीस मुलांच्या वर्गात ज्याच्याशेजारी कुणी बसत नाही असं एखादं मूल दर वर्षी असतंच. त्याच्यापुढे मला नेहमी रूबी आठवते.

आता आपल्या जवळचं. भारतात शाळेचा पहिला दिवस आणि अक्षराचा पहिला दिवस हे दोन वेगळे. केरळात विजयादशमीला विद्यारंभ होतो. मांडीवर मूल बसवून गुरू त्याचं बोट धरतात आणि ताटातल्या तांदळावर ‘हरि श्री गणपतये नमः’ लिहवून घेतात. तिरूरच्या तुंचन परंब या मल्याळम कवी एळुत्तच्छन यांच्या स्मारकस्थळी त्या दिवशी मुलांची रीघ लागते. बंगालात सरस्वतीपूजेला ‘हाते खोरी’, शब्दशः हातात खडू. गोदावरीकाठच्या बासरला सरस्वतीच्या देवळात अक्षराभ्यास. मराठीत हा संस्कार भाषेतच मुरला आहे. ‘ओनामा’ म्हणजे सुरुवात, आणि तो शब्द आला ‘ॐ नमः सिद्धम्’ या पहिल्या धड्यातून, पोरांच्या तोंडी घासून घासून ‘ओनामासीधं’ झालेला. धुळाक्षरं गिरवणं हा वाक्प्रचार आपण बड्या बड्या माणसांसाठी वापरतो, पण एके काळी खरोखरच पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर काढत. चुकलं तर हात फिरवायचा, चूक गेली. इतकी क्षमाशील वही नंतर कुणी काढली नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. मोठा हात, त्यात लहान हात, आणि लहान हाताचं बोट. तांदूळ असो, धूळ असो, पाटी असो, अक्षर दोन हातांनी मिळून काढलं जातं. आपण त्याला ‘हात धरून गिरवून घेणं’ म्हणतो. इतकी जुनी, इतकी साधी गोष्ट आपल्या घरात असताना शाळेच्या पहिल्या दिवशी आपण अस्वल भाड्याने आणतो!

मधाची गोष्टही सांगून टाकते. मध्ययुगात जर्मन मुलखातल्या ज्यू वस्त्यांमध्ये मुलाला शाळेत घालायचं ते शवुओत सणाच्या दिवशी. वर्म्सच्या एलाझार या तेराव्या शतकातल्या धर्मगुरूने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मुलाला वाटेत काही अमंगळ दिसू नये म्हणून कपड्यात गुंडाळून गुरूकडे न्यायचं, गुरूंच्या मांडीवर द्यायचं. गुरू पाटीवरची मुळाक्षरं सुलटी म्हणायचे, मग उलटी, आणि मूल त्यांच्या मागून. मग अक्षरांवर मध लावायचा आणि मुलाने तो चाटायचा. वचनं लिहिलेली पोळी आणि उकडलेलं अंडंही असायचं, तीही खायची. अक्षर आधी जिभेला कळायचं, मग डोळ्याला. कझाकस्तानात शाळेत जाणाऱ्या मुलाच्या समारंभाचं नावच ‘तिलाशार’ आहे, जीभ उघडणं. चीनमध्ये अलीकडे पुन्हा सुरू झालेल्या ‘लेखणी उघडण्याच्या’ विधीत कपाळाला शेंदरी लाल टिळा लावतात आणि मूल पहिलं अक्षर काढतं ते ‘माणूस’ या अर्थाचं. दोन फराटे, एकमेकांना टेकलेले.

काही ठिकाणी तर फाटक ओलांडणं हाच सोहळा. बल्गेरियात १५ सप्टेंबरला घरातून निघताना मुलापुढे तांब्याच्या भांड्यातलं पाणी ओततात, सगळं पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. न्यूझीलंडच्या पुष्कळ शाळांत नव्या मुलाचं माओरी पद्धतीने स्वागत होतं. मूल एकटं आत येत नाही, घरच्यांसकट येतं. शाळेच्या बाजूने एक बाई साद घालते, पाहुणे पुढे येतात, बोलणं होतं, आणि शेवटी नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून एकमेकांचा श्वास घ्यायचा. तो घेतला की पाहुणा पाहुणा उरत नाही. व्हिएतनामात ५ सप्टेंबरला ढोल वाजतो. नेदरलँड्समध्ये तर हा दिवस सगळ्यांचा मिळून नसतोच. मूल चार वर्षांचं झालं की वाढदिवसानंतर चालू वर्गात दाखल होतं. रडणारी तीस मुलं एकदम नाहीत, रडणारं एक आणि त्याला बघणारी, नळ कुठे आहे हे माहीत असलेली बाकीची. पहिलीच्या बाईंना यातलं सुख समजेल.

आता मागणं. जर्मनीची पुडी आणा, जपानी दप्तर आणा असं मी म्हणत नाही. उसन्या प्रथेला फुग्याच्या कमानीपेक्षा जास्त आयुष्य नसतं. पण रचना उसनी घेता येते.

पाहुणे त्या दिवशी बोलवू नका. बोलवायचेच तर महिन्याभराने बोलवा. पोलंडमध्ये पहिलीच्या मुलांना विद्यार्थीपणाची दीक्षा देतात. मुख्याध्यापक एक अगडबंब पेन्सिल मुलाच्या खांद्यावर टेकवतात, सरदारकी दिल्यासारखी. पण हा समारंभ सहसा ऑक्टोबरात होतो, शाळा १ सप्टेंबरला सुरू झाल्यावर. तोवर मुलाला जिने ठाऊक झालेले असतात, बाईंचं नाव ठाऊक झालेलं असतं, टाळ्या का वाजताहेत ते थोडंफार कळतं. भाषणाला माझा विरोध नाही. वेळेला आहे.

आईबापांना पहिला अर्धा तास वर्गात येऊ द्या, जमिनीवर मुलाशेजारी बसू द्या. ‘एकदा पाठ फिरवली की आपोआप गप्प होतं’ हे मीही म्हणायचे. गप्प होतं हे खरं. गप्प होणं आणि रुळणं यांतला फरक मला फार उशिरा कळला. कामावर जाणाऱ्या आईबापांना सुट्टी मिळत नाही, हे आहेच. इंडोनेशियात २०१६ साली शिक्षणमंत्र्यांनी परिपत्रक काढून पालकांना पहिल्या दिवशी मुलाला स्वतः पोचवायचं आवाहन केलं आणि सरकारी नोकरांना त्या दिवशी उशिरा यायची मुभा मिळाली. तसं परिपत्रक तुमच्या हातात नसेल. पालकांच्या कचेरीला दाखवायला शाळेच्या शिक्क्याची एक चिठ्ठी देणं तुमच्या हातात आहे.

हातात धरायला काहीतरी द्या, सगळ्यांना सारखं, शाळेकडून. महाग नको. स्वतःचं नाव लिहिलेली पाटी चालेल, जाड खडू चालेल. पेढा नको, तो एका घासात संपतो आणि हात पुन्हा रिकामे.

आणि नाव. इथे माझी चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पहिल्या दिवशी मी हजेरी घेत होते. एका नावाला कुणी ‘हजर’ म्हणेना. दोनदा पुकारलं, गैरहजर मांडलं. पुढे चार दिवस तेच. पाचव्या दिवशी पटसंख्या जुळेना म्हणून डोकी मोजली तर एक डोकं जास्त. पहिल्या रांगेत, माझ्या टेबलासमोर, तो मुलगा रोज येऊन बसत होता. घरी त्याला सगळे बंड्या म्हणायचे. पटावरचं नाव आपलं आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हजेरीत आपण येतच नाही म्हणजे आपली शाळा अजून सुरू झालेली नाही, असं समजून तो पोरगा शांतपणे वाट बघत होता. पट हातात पडल्यावर घरी एक निरोप धाडला असता आणि ‘हाक काय मारता?’ एवढंच विचारलं असतं तर त्याचे चार दिवस वाचले असते. तेव्हापासून माझ्या पटावर प्रत्येक नावासमोर पेन्सिलीने दुसरं नाव असायचं. साहेब तपासणीला आले की खाडाखोड म्हणून शेरा मारायचे.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. प्रत्येक नव्या मुलामागे वरच्या वर्गातलं एक मूल नेमा. जर्मनीतही पहिलीच्या मुलांना असे मोठे सोबती देतात. सुट्टी लागायच्या आधीच नेमा, म्हणजे सुट्टीत त्याला कळू द्या की आपल्याला कुणीतरी सांभाळायचं आहे. वर्गातला हुशारच निवडू नका. जो स्वतः पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त रडला होता, तो तुम्हाला आठवत असेल, तो घ्या.

नातीच्या गोष्टीचा शेवट राहिला. पाहुण्यांचं भाषण चालू असताना पाणी द्यायच्या टेबलाशी तिसरीतली एक मुलगी उभी होती, छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला. तिने या दोघींच्या मांड्या आवळलेल्या बघितल्या. रांगेतून वाट काढत आली, एकीला या हाताला, दुसरीला त्या हाताला धरलं आणि कुणालाही न विचारता घेऊन गेली. दहा मिनिटांनी तिघी परत आल्या. नातीचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि चेहऱ्यावर मोठा शोध लागल्याचा भाव होता. नळ, म्हणाली, पायाने दाबायचा आहे. त्या तिसरीतल्या मुलीला जागा सोडल्याबद्दल ताईंनी हटकलं.

यंदा ती चौथीत असेल. तुमच्याही शाळेत अशी एक असणार. परवाच्या बैठकीला तिला बोलवा आणि नव्या मुलांना आधी काय दाखवायचं ते तिला विचारा. खुर्ची पाहुण्यांसाठी ठेवलेली चालेल.

आपली,
पहिलीच्या वर्गाची एक निवृत्त बाई